सिक्युअर बूटचं परमिट

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात सामान कमी साठतं, किस्से जास्त. मेलेला माऊस भंगारवाला नेतो, फुगलेली बॅटरी नेतो, किस्सा मात्र कोणी उचलत नाही. बोईसर स्टेशनजवळ आमच्या नानांचं दुकान आहे. संध्याकाळी चहा आला की कोणीतरी म्हणतं, "आज काय झालं, माहितीय?" की झाली एकाची भर!

त्यातले निम्मे किस्से एकाच आजाराचे आहेत. तो आजार आधी समजून घ्या, मग पुढचं सोपं जाईल. आमच्या बऱ्याच गिऱ्हाइकांच्या मशीनमध्ये स्वतःची डिस्कच नसते. सकाळी बटण दाबलं की मशीन केबलवरून हाक मारतं, "उठलोय, विंडोज पाठवा." कोपऱ्यातला सर्व्हर ते पाठवतो. याला म्हणायचं नेटवर्क बूट. पण मशीनच्या पोटात विंडोजच्याही आधी जागा होणारा एक वॉचमन असतो. त्याचं नाव सिक्युअर बूट. आलेल्या फाइलवर ओळखीचा शिक्का नसेल तर तो तिला आत सोडत नाही, आणि मशीन काळा पडदा दाखवून बसून राहतं. तारापूर एमआयडीसीतल्या कुठल्याही गेटवर तासभर उभं राहिलेल्या माणसाला हा स्वभाव चांगला ठाऊक आहे.

आमच्या सर्व्हरवरची फाइल जुनी, बिनशिक्क्याची. त्यामुळे नानांचा इलाज ठरलेला. मशीन चालू होताना एफ-टू दाबायचं, सेटिंगच्या निळ्या पानावर जायचं, सिक्युअर बूटसमोर 'डिसेबल्ड' करायचं, सेव्ह मारायचं आणि चहा प्यायचा.

मी नवीन होतो तेव्हा विचारलं होतं, "नाना, पण ते सिक्युरिटीसाठी असतं ना?"

नाना म्हणाले, "असतं ना. पण कंप्लेंट कोनाची येते? चोराची का गिऱ्हाइकाची?"

*

वाणगावला आमचे एक मिरचीचे व्यापारी आहेत. ऑफिसात पाय ठेवला की पहिल्या पाच शिंका फुकट. त्यांचं नवीन मशीन नेटवर्कवरून उठेना म्हणून मी गेलो, एफ-टू दाबलं, तर सेटिंगचं पानच उघडेना. पासवर्ड मागायला लागलं.

"शेठ, पासवर्ड?"

"टाकलाय ना मी. दिवाळीत. कोनी सेटिंगला हात लावू नये म्हनून."

"काय टाकलाय?"

"ते नाय आठवत."

बायकोचं नाव, टेम्पोचा नंबर, कुलदैवत, मिरचीच्या सगळ्या जाती, मी शिंकत शिंकत सगळं मारून बघितलं. शेठ शेजारी खुर्ची टाकून मन लावून बघत होते. प्रत्येक वेळी 'चुकीचा पासवर्ड' आलं की त्यांचा चेहरा जरा आणखी खुलायचा. शेवटी मी वैतागलो.

"शेठ, स्वतःचा पासवर्ड तरी लक्षात ठेवायचा!"

"अरे," शेठ म्हणाले, "मलाच ठाऊक नाय, तर चोराला कुठून कळनार?"

*

पालघरच्या एका कचेरीत मोठ्या बाबूंना वरून आदेश आला, सगळ्या मशीनवरच्या सगळ्या सुरक्षा सेटिंग चालू करा. माणूस आज्ञाधारक. त्यांनी एका दुपारी जिथं जिथं 'डिसेबल्ड' दिसलं तिथं तिथं 'इनेबल्ड' करून टाकलं. दुसऱ्या दिवशी कचेरीतलं एकही मशीन उठलं नाही. बाहेर दाखल्यांसाठी ही रांग!

मी गेलो, बघितलं, म्हटलं, "साहेब, ते सिक्युअर बूट बंद करावं लागेल."

"बंद नाही करता येणार. अहवाल वर गेलाय."

"पण साहेब, मशीन चालत नाहीयेत!"

"अहवालात चालतात का, असं विचारलेलं नाही," बाबू म्हणाले. "सुरक्षित आहेत का, असं विचारलंय. आहेत ना?"

मी मान्य केलं. इतकी सुरक्षित मशीन मी आयुष्यात बघितली नव्हती.

*

आता सुहासकडे येतो, कारण पुढचं सगळं त्याच्यापाशीच आहे.

सुहास तामोरे घिवलीचा. पुण्यात मोठ्या कंपनीत हेच काम करायचा. बायको बोईसरला नर्स, आई घिवली सोडायला तयार नाही, आणि मुलगी आजीपाशी. म्हणजे सगळं घर इथं आणि हा एकटा तिथं. मुलीला कोणी विचारलं, "बाबा कुठंय?" की ती मोबाइलकडे बोट दाखवायची. रोज संध्याकाळी बाबा त्यातच दिसणार! एकदा गणपतीला सुहास घरी आलेला, अगदी शेजारी बसलेला. आजीनं कौतुकानं विचारलं, "बाबा कुठंय गो?" पोरीनं त्याच्याकडे बघितलं आणि मोबाइलकडे बोट दाखवलं.

सुहासनं त्या महिन्यात पुण्याची नोकरी सोडली.

नानांनी त्याला घेतलं, पण तात्पुरतं. एका केमिकल फॅक्टरीचं वर्षभराचं देखभालीचं काम मिळायच्या बेतात होतं. "ते मिळालं तर तू कायम. नाय मिळालं तर बाबा, मला तरी तुला ठेवनं कसं जमनार? मग परत पुन्यालाच जावं लागनार तुला." नाना वाईट माणूस नाहीत, पण दुकान लहान आहे.

पहिल्याच दिवशी सुहासनं नानांच्या इलाजाला हात घातला. "नाना, वॉचमनला हाकलायचं कशाला? शिक्क्याची फाइल मिळते ना. तीच ठेवू सर्व्हरवर. आमी पुन्याला तसंच करायचो."

"पुन्याला काय, सगळंच करतात," नाना म्हणाले. "आपल्याकडे एक नियम हाय. चालू सर्व्हरला हात लावायचा नाय."

*

त्या फॅक्टरीत सुहासबरोबर मीही गेलो. तिथं भेटले शिंदेसाहेब, सेफ्टी ऑफिसर. मूळचे कराडकडचे, नोकरीचं सगळं आयुष्य तारापुरात, कुटुंब गावी. इस्त्रीचा शर्ट, पांढरं हेल्मेट आणि मनगटावर एक जुनं घड्याळ. त्या घड्याळाची प्लांटमध्ये दहशत होती. शिफ्टचा भोंगा वाजला की लोक भोंग्यावर विश्वास ठेवायचे नाहीत, शिंदेसाहेबांच्या मनगटाकडे बघायचे. कंट्रोल रूमचे ऑपरेटर यादवजी तर रोज सकाळी त्यांचं घड्याळ बघून आपलं लावून घ्यायचे, देवदर्शन घेतल्यासारखं.

आम्हाला फक्त कंट्रोल रूममध्ये बसून एफ-टू दाबायचं होतं. त्यासाठी हेल्मेट, गॉगल, लोखंडी टोकाचे बूट आणि गळती झाल्यावर वाऱ्याच्या कुठल्या दिशेनं पळायचं याची एक फिल्म, एवढं पार पडलं. मग शिंदेसाहेब सुहासच्या मागं उभे राहिले. पडद्यावर 'डिसेबल्ड' शब्द आला आणि त्यांचा आवाज चढला.

"थांबा! डिसेबल म्हणजे काय करताय?"

"साहेब, सिक्युअर बूट बंद करतोय."

"ते कशासाठी असतं?"

"संरक्षणासाठी," सुहास प्रामाणिकपणे बोलून गेला. मी डोळ्यांनी खुणावत होतो, पण गॉगलमधून दिसलं नसावं.

"संरक्षण बंद करताय? टाकीचा सेफ्टी व्हॉल्व्ह असा कोणी येऊन बंद केला तर चालेल का?"

चालणार नव्हतं. कुठलंही संरक्षण कामापुरतं बंद करायचं तर त्या प्लांटमध्ये बायपास परमिट काढावं लागतं. तसं ते निघालं! तीन सह्या झाल्या. 'संभाव्य धोका' या रकान्यापाशी शिंदेसाहेब बराच वेळ अडले. आग, गळती, स्फोट, यातलं काहीच लागू होईना. शेवटी त्यांनी नाइलाजानं 'इतर' लिहिलं. नियमाप्रमाणे आग विझवायची नळकांडी घेऊन एक माणूस कामाशेजारी उभा हवा, म्हणून यादवजी ती घेऊन सुहासच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले.

सुहासनं एफ-टूवर बोट ठेवलं, तसे यादवजी हळूच म्हणाले, "सुहासभाई, कुछ फटनेवाला हो तो पहले बता देना."

*

काही फुटलं नाही. सगळी मशीन उठली, आम्ही चहा प्यायलो, घरी गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी फॅक्टरीतून फोन. एकही मशीन उठत नाही!

गेलो, बघितलं. सगळीकडे सिक्युअर बूट पुन्हा 'इनेबल्ड'. पुन्हा परमिट, पुन्हा सह्या, पुन्हा यादवजी आणि नळकांडी. मशीन चालू. तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बंद!

नाना म्हणाले, "खारी हवा. समुद्र जवळ हाय." मला वाटलं बोर्डावरचा बटणसेल गेला असेल. तो सेल संपला की मशीन सगळ्या सेटिंग विसरतं. पण सगळ्या मशीनचे सेल एकाच रात्री कसे संपतील? तरी मी बदलले, फक्त कोपऱ्यातल्या डिस्पॅचच्या मशीनचा तेवढा राहिला, आणले होते ते संपले म्हणून. यादवजींचं निदान वेगळं होतं. "रात को कोई आता है," ते म्हणाले आणि त्यांनी सर्व्हरला लिंबू-मिरची बांधली. मिरची वाणगावची, अस्सल. शिंदेसाहेबांनी ती तासाभरात उतरवायला लावली. कारण काय, तर इलेक्ट्रिक पॅनेलपाशी ज्वलनशील वस्तू नको!

प्लांटच्या मॅनेजरनं नानांना बोलावून सांगितलं, असं चाललं तर काम दुसऱ्याला जाईल. नानांनी बाहेर येऊन सुहासला तेवढंच सांगितलं. सुहास त्या दिवशी डबा न खाता बसला होता.

दुपारी कॅन्टीनमध्ये चहा घेताना त्याचं लक्ष जरा दुसरीकडे वळवावं म्हणून मीच तो पोरीचा आणि मोबाइलचा किस्सा काढला. यादवजी पोट धरून हसले. सुहासही हसला. शिंदेसाहेब पलीकडच्या टेबलाशी होते, ते हसले नाहीत. त्यांनी चहा संपवला, घड्याळ बघितलं आणि उठून गेले. मला वाटलं, माणूस रुक्ष आहे.

*

चोर शेवटी सुहासनंच पकडला. संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर तो बाहेर न पडता कंट्रोल रूमच्या काचेआड थांबला. मीही त्याच्याबरोबर. भोंगा झाला. दार उघडलं. हेल्मेट, गॉगल, बूट असा जामानिमा करून शिंदेसाहेब आत आले. पहिल्या मशीनसमोर बसले. एका बोटानं एफ-टू दाबलं. निळ्या पानावर गेले, 'इनेबल्ड' केलं, सेव्ह मारलं, मशीन बंद केलं आणि पुढच्या खुर्चीकडे निघाले.

आम्ही आत धावलो. "साहेब! हे तुम्ही करताय?"

"मग कोण करणार?" शिंदेसाहेब म्हणाले. "परमिट संध्याकाळच्या भोंग्यापर्यंतचं. मुदत संपली की बायपास काढून संरक्षण पूर्ववत करायचं. तुम्ही ते न करता निघून जाता, म्हणून रोज मी करतो."

सुहासनं विचारलं, "पण साहेब, सकाळी मशीन उठत नाहीत, तेव्हा बोललात का नाय?"

"मला कोणी विचारलं का?"

आणि खरंच, आम्ही खाऱ्या हवेपासून भुतापर्यंत सगळ्यांना विचारलं होतं, फक्त त्यांना सोडून!

*

कायमचं 'डिसेबल्ड' ठेवायला परमिट मिळतं का, म्हणून नानांनी चौकशी केली. मिळतं, पण त्यासाठी समिती बसते, आणि समितीत एक रसायनतज्ज्ञ असावा लागतो. नानांनी हात टेकले.

तेव्हा सुहास म्हणाला, "नाना, आता तरी शिक्क्याची फाइल ठेवू द्या."

"चालू सर्व्हरला हात लावायचा नाय, सांगितलंय ना?"

"नाना, तो चालू कुठं हाय?"

नानांनी चहा मागवला. सुहासनं दिवसभर बसून सर्व्हर नवा केला, शिक्का असलेली फाइल ठेवली, आणि सगळी मशीन सिक्युअर बूट 'इनेबल्ड' असतानाच उठली. वॉचमन जागेवर, पाहुणा आत, कोणाची तक्रार नाही.

त्या संध्याकाळी भोंगा झाल्यावर शिंदेसाहेब शिरस्त्याप्रमाणे आले. पहिलं मशीन बघितलं, 'इनेबल्ड'. दुसरं, 'इनेबल्ड'. सगळी फेरी मारून ते मधोमध उभे राहिले. लग्नघरी जाऊन आहेर विसरल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"तामोरे," ते म्हणाले, "मग मी आता पूर्ववत काय करू?"

*

मॅनेजरनं शेवटची अट घातली. सलग एक आठवडा रोज सकाळचा भोंगा होईल तेव्हा सगळी मशीन चालू हवीत. आठवडा निभावला तर वर्षभराचं काम नानांना. एक मशीन एक दिवस बंद दिसलं तरी काम दुसऱ्याला. मोजायचं शिंदेसाहेबांनी.

शिंदेसाहेबांनी गेटवरच्या 'अपघाताविना दिवस' या फळ्याशेजारी आणखी एक फळा लावला, 'बिघाडाविना दिवस'. आणि नियम समजावून सांगितला. दुरुस्तीसाठी बाजूला काढलेल्या मशीनला लाल टॅग लावायचा, टॅगवर वेळ लिहायची. टॅग लावलेलं मशीन मोजणीत धरायचं नाही. पण टॅग भोंग्याच्या आधी लागला पाहिजे. भोंगा झाल्यावर बंद दिसलं ते बंद.

"एका मिनिटाचीही सवलत नाही," ते म्हणाले, आणि सवयीनं घड्याळ बघितलं. यादवजींनीही आपलं बघून घेतलं.

रोज सकाळी भोंगा झाला की शिंदेसाहेब कंट्रोल रूममध्ये फेरी मारायचे आणि गेटवर जाऊन खडूनं आकडा वाढवायचे. सुहास रोज पहाटेच घिवलीहून निघून हजर. मधल्या एका दिवशी माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "दादा, काल आईनं पोरीला विचारलं, बाबा कुठंय. पोरगी सरळ माझ्या मांडीवर येऊन बसली." त्याचे डोळे भरले होते. मी त्याला चहा पाजला, दुसरं काय करणार?

शेवटच्या दिवशीच्या आदल्या रात्री लाईट तीनदा गेली आणि आली. शेजारी एवढं अणुवीज केंद्र, पण आमच्याकडे लाईट तिच्या मर्जीनं येते. सकाळी आम्ही पोहोचलो तेव्हा यादवजी एकेक मशीन चालू करत होते. सगळी उठली. कोपऱ्यातलं डिस्पॅचचं मशीन उठेना. काळा पडदा.

सुहासनं एफ-टू दाबलं. मशीन सगळं विसरलेलं. तारीख जुनी, नेटवर्क बूट बंद. सेल गेला होता, तोच, माझ्याकडचे संपले म्हणून राहिलेला.

"दादा, सेल दे. पाच मिनटांचं काम हाय."

मी बॅगेत हात घातला आणि भोंगा वाजला. तो एवढा लांब वाजतो हे मला तेव्हा कळलं. सुहास किबोर्डवरचे हात काढून खुर्चीत मागं टेकला. "आता कुठं ती मला ओळखाया लागली होती," तो म्हणाला. माझ्याशी नाही, त्या काळ्या पडद्याशीच.

दार उघडलं. शिंदेसाहेब आत आले, हातात फळ्यासाठीचा खडू. फेरी मारत कोपऱ्यापर्यंत आले. पडद्याकडे बघितलं. सुहासकडे बघितलं. मग घड्याळाकडे बघितलं, आणि ते जरा जास्तच वेळ बघत राहिले.

मग त्यांनी खडू खिशात ठेवला, दुसऱ्या खिशातून लाल टॅग काढला आणि मशीनला बांधला. टॅगवर वेळ लिहिली. मी वाकून वाचली. भोंग्याच्या आधीची होती.

यादवजी सरळ माणूस. त्यांना राहवलं नाही. "साहब, भोंगा तो हो गया. सबने सुना."

"माझ्या घड्याळात अजून व्हायचाय," शिंदेसाहेब म्हणाले आणि मनगट पुढं केलं.

यादवजींनी त्या मनगटाकडे बघितलं. मग खुर्चीत बसलेल्या सुहासकडे बघितलं. मग आपल्या घड्याळाची चावी बाहेर ओढली आणि काटा मागं घेतला.